आई-बाबा घरात नसतानाची शिस्त

ठाणे आणि नवी मुंबईतल्या ज्या घरांत आई-वडील दोघेही नोकरी करतात, तिथे दुपारी साडेतीन ते संध्याकाळी साडेसात हे चार तास असे असतात, की मूल शाळेतून घरी आलेले असते आणि आई-बाबा अजून कामावर, लोकलमध्ये किंवा घोडबंदर रस्त्यावरच्या वाहतूक कोंडीत असतात. आजी-आजोबा असतील तर ते खाणेपिणे पाहतात, नसतील तर मूल पाळणाघरात किंवा शेजारी थांबते, आणि थोडे मोठे झाले की स्वतःच्या किल्लीने दार उघडून घरात येते. डबा दप्तरातून बाहेर निघतो की नाही, आधी गृहपाठ होतो की आधी मोबाइल हातात येतो, धाकट्या भावंडाशी भांडण झाले तर ते कसे मिटते, हे सगळे या चार तासांत आपल्या नजरेआड घडत असते. शिस्तीचा विचार मी या चार तासांपासून सुरू करते, कारण समोर उभे राहून डोळे वटारले की मूल गप्प बसते, हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. आपण समोर नसताना ते बरे-वाईट स्वतः कसे ठरवते, हा प्रश्न मात्र अवघड आहे आणि सौम्य शिस्तीचा सगळा विचार याच प्रश्नाभोवती उभा आहे.

शिस्त हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला आणि त्याचा जुना अर्थ नेम किंवा निशाणा असा आहे. म्हणजे शिक्षेचा त्या शब्दाशी मुळात संबंध नाही. आपल्याला कुठे पोहोचायचे आहे ते ठरवणे, हा त्याचा गाभा आहे. दुसरा आपला शब्द वळण. वेलाला वळण लावायचे तर तो कोवळा असताना त्याला आधार द्यावा लागतो, सुतळी सैल बांधावी लागते आणि पुन्हा पुन्हा येऊन ती पाहावी लागते, कारण घट्ट बांधली तर वेल तिथेच चिरतो आणि बांधलीच नाही तर तो जमिनीवर पसरतो. ही दोन्ही चित्रे मनात ठेवली तर पुढचे बरेचसे समजायला सोपे जाते.

लहान मुलाचे वागणे सुरुवातीला संपूर्णपणे बाहेरून आवरले जाते. दोन-अडीच वर्षांच्या मुलाला ‘हात लावू नको’ हे समजते, पण समजूनही त्याचा हात थांबत नाही, कारण मनात आलेली ऊर्मी रोखणे, थोडे थांबणे आणि परिणामाचा विचार करणे ही कामे मेंदूचा जो पुढचा भाग करतो, तो सर्वांत सावकाश घडतो आणि त्याची वाढ वयाच्या पंचविशीच्या आसपास पूर्ण होते. म्हणून तीन वर्षांच्या मुलाने तीच चूक तासाभरात चौथ्यांदा केली, तर तो बहुतेक वेळा उर्मटपणा नसतो. त्या वयात काचेचे भांडे उचलून वर ठेवणे, मुलाचे लक्ष दुसरीकडे वळवणे आणि नियम एकाच वाक्यात शांतपणे पुन्हा सांगणे, एवढेच करता येते आणि तेवढे पुरते. बाहेरचे हे आवरणे हळूहळू मुलाच्या मनात उतरले पाहिजे, आणि ते कसे उतरते याचा मानसशास्त्राने गेल्या शंभर वर्षांत बराच शोध घेतला आहे.

स्वित्झर्लंडमधले मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी मुलांच्या नैतिक विचारांवरचे आपले काम १९३२ मध्ये प्रसिद्ध केले. ते मुलांना दोन गोष्टी सांगत. एका गोष्टीतला मुलगा जेवायला बोलावले म्हणून खोलीत येताना दार ढकलतो आणि दारामागे ठेवलेले पंधरा कप फुटतात. ते तिथे आहेत हे त्याला ठाऊक नसते. दुसऱ्या गोष्टीतला मुलगा आई घरात नसताना फडताळातला मुरांबा चोरून घ्यायला चढतो आणि त्याच्या हातून एकच कप फुटतो. अधिक वाईट कोण वागले, असे विचारल्यावर लहान मुले बहुधा पंधरा कप फोडणाऱ्याकडे बोट दाखवत, आणि साधारण नऊ-दहा वर्षांची मुले हेतूचा विचार करून मुरांबा चोरणाऱ्याकडे. लहान मूल नुकसान मोजते, मोठे मूल मन पाहू लागते. आता आपल्या घरात पाण्याचा ग्लास चुकून सांडला तेव्हा आपण किती ओरडतो आणि खोटे बोलल्याचे लक्षात आले तेव्हा किती, याचा हिशेब प्रामाणिकपणे केला, तर कित्येकदा आपणही पंधरा कप मोजणाऱ्यांच्याच रांगेत उभे असतो.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मार्टिन हॉफमन यांनी पालकांच्या शिस्त लावण्याच्या पद्धतींचे तीन प्रकार वेगळे करून दाखवले. पहिला बळाचा, म्हणजे मारणे, धमकावणे, वस्तू काढून घेणे. दुसरा माया आवरून घेण्याचा, म्हणजे अबोला धरणे किंवा ‘असे वागलास तर तू माझा नाहीस’ असे म्हणणे. तिसरा समजावण्याचा, आणि त्यात मुलाच्या वागण्याचा दुसऱ्या व्यक्तीवर काय परिणाम झाला, याकडे त्याचे लक्ष वेधले जाते. हा तिसरा प्रकार का लागू पडतो, याचे हॉफमन यांनी दिलेले कारण मला फार पटते. मूल फार घाबरले की त्याचे सगळे लक्ष स्वतःकडे जाते: आता मला किती मार बसेल, बाबांना कोण सांगेल, मी कसा सुटेन. ज्याला लागले आहे, ज्याची वस्तू मोडली आहे, त्याच्यासाठी मनात जागाच उरत नाही. उलट पालकांच्या आवाजात काहीच गांभीर्य नसेल, तर मूल ऐकतच नाही. या दोन टोकांच्या मधे, मुलाला विषय गंभीर आहे हे कळेल पण भीतीने त्याचे कान बंद होणार नाहीत, अशा सुरात ‘तू झोपाळ्यावरून ढकललेस म्हणून ती पडली, तिच्या कोपराला खरचटले आहे, बघ, ती रडते आहे’ हे सांगायचे असते. वाक्य छोटे हवे, त्याच जागी आणि त्याच वेळी बोललेले हवे. उद्यानातून घरी परतताना दिलेल्या अर्ध्या तासाच्या व्याख्यानातले मुलापर्यंत काही पोहोचत नाही.

माझ्या घरात हे मी पुस्तकातून शिकले नाही, चुकून शिकले. आम्ही नेरुळला राहतो. मुलगा नऊ वर्षांचा असताना सोसायटीच्या आवारात क्रिकेट खेळताना त्याच्या फटक्याने तळमजल्यावरच्या एका आजोबांची जास्वंदीची कुंडी फुटली. सगळी मुले पळाली, त्यांत तोही पळाला आणि घरी येऊन काही बोलला नाही. संध्याकाळी शेजारच्या काकूंकडून मला समजले. मी कामावरून दमून आले होते. त्याचा कान धरला, खूप बोलले आणि आठवडाभर खाली खेळायला जायचे नाही, अशी शिक्षा सुनावली. तो रडला, रुसला आणि रात्री वडिलांना म्हणाला की फटका त्याचा होता, पण चेंडू टाकणाऱ्याला कोणीच काही बोलले नाही. यांनी मला शांतपणे विचारले, ‘आठवडाभर हा घरात बसला, तर आजोबांच्या कुंडीचे काय होणार आहे?’ माझ्याकडे उत्तर नव्हते. जास्वंद अजून खाली मातीत आडवी पडलेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला सांगितले की माझी शिक्षा चुकीची होती आणि मी ती मागे घेते आहे. मग तीनच प्रश्न विचारले: काय झाले, कोणाचे काय बिघडले आणि ते नीट करायला तू काय करू शकतोस. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे पटकन आली. तिसऱ्याला तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, गल्ल्यातल्या पैशांतून कुंडी आणू. रोपवाटिकेत त्याने स्वतः मातीची कुंडी निवडली आणि स्वतःच्या हाताने पैसे दिले. आजोबांच्या दारापर्यंत मी सोबत गेले, पण बेल त्याने वाजवली. माफीचे जे वाक्य त्याने जिन्यात चार वेळा म्हणून पाहिले होते, ते दार उघडल्यावर त्याला आठवले नाही आणि त्याने कुंडी नुसतीच पुढे केली. आजोबांनी आतून खुरपे आणून त्याच्या हातात दिले. दोघांनी मिळून रोप पुन्हा लावले, आणि मुळे धरेपर्यंत रोज संध्याकाळी पाणी घालायचे काम आजोबांनी त्याच्यावर सोपवले. ते त्याने पंधरा दिवस केले, आणि पहिल्या दोन दिवसांनंतर मला आठवण करावी लागली नाही. मुलांनी स्टंप म्हणून ठेवायची वीटही पुढे दुसऱ्या भिंतीकडे हलवली. ते कोणी सुचवले, हे मी विचारले नाही.

मूळचे व्हिएन्नाचे आणि नंतर शिकागोत काम केलेले मानसोपचारतज्ज्ञ रुडॉल्फ ड्रायकर्स यांनी शिक्षा आणि चुकीचा परिणाम यांतला हा फरक नेमका मांडला होता. काही परिणाम आपोआप होतात: चित्रकलेची वही घरी विसरली तर त्या दिवशी वर्गात वही नसते, आणि ती घेऊन आईने शाळेकडे धावले नाही तर एवढा अनुभव बहुधा पुरतो. काही परिणाम मोठ्यांना ठरवावे लागतात, आणि त्यांचे चुकीशी नाते असावे लागते, ते बेताचे असावे लागतात आणि ते सांगताना मुलाचा अपमान होता कामा नये. कुंडी फोडली म्हणून कुंडी लावून देणे यात नाते आहे. कुंडी फोडली म्हणून टीव्ही बंद, यात ते नाही, आणि मुलाला ही विसंगती आपल्याआधी दिसते. जिथे जिवाला धोका आहे तिथे अर्थातच अनुभवाची वाट पाहायची नाही. रस्ता, गॅलरीचा कठडा, गॅसची शेगडी, लोकलचा दरवाजा, इथे हात धरून मागे ओढायचे आणि समजावणे नंतर करायचे.

‘सॉरी म्हण’ हा जो हुकूम आपण दहा वेळा सोडतो, त्याबद्दलही एक सांगते. मूल तो शब्द उच्चारते आणि प्रकरण मिटते, म्हणून तो शब्द त्याला सुटकेचे तिकीट वाटू लागतो. आधी मोडलेले जोडायला लावावे. शब्द कधी नंतर येतो, कधी येतही नाही.

सौम्य शिस्त म्हणजे मुलांना डोक्यावर बसवणे, असा एक समज घरोघरी आहे, विशेषतः ज्यांच्या लहानपणी वडिलांच्या चपलांचा आवाज आला की घर शांत होत असे, त्या पिढीत. या समजाला उत्तर देणारे काम अमेरिकेतल्या डायना बाऊमरिंड यांनी १९६० च्या दशकात केले. त्यांनी पालकत्वाचे तीन नमुने मांडले: केवळ हुकूम सोडणारे, सगळे चालवून घेणारे, आणि नियमांना ठाम राहूनही मुलाचे ऐकून घेणारे, कारण सांगणारे, माया न आवरणारे. पुढे १९८३ मध्ये एलिनर मॅकोबी आणि जॉन मार्टिन यांनी हेच दोन मापांवर मांडले: पालक मुलाकडून किती अपेक्षा ठेवतात आणि त्याला किती जवळ घेतात. ही दोन मापे वेगवेगळी आहेत, एक वाढले की दुसरे कमी होते असे नाही, हे लक्षात आले की निम्मा गोंधळ संपतो. झोपायची वेळ साडेनऊ म्हणजे साडेनऊच, पण ती सांगताना आवाज चढवण्याची गरज नसते, आणि ‘आज राग आला आहे ना, मलाही कळते, तरी दिवा आता बंद होणार’ असे म्हणता येते. रागवायची मुभा मुलाला असते, दिवा चालू ठेवायची नसते.

मारण्याविषयी मात्र मी मऊ शब्दांत लिहू इच्छित नाही. एलिझाबेथ गर्शॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर यांनी २०१६ मध्ये ७५ अभ्यासांचा, म्हणजे १,६०,००० हून अधिक मुलांच्या माहितीचा, एकत्रित आढावा घेतला आणि मुलांना फटके देण्याचा संबंध हट्टीपणा, आक्रमक वागणे, मानसिक त्रास आणि पालकांशी बिघडलेले नाते यांच्याशी आढळला; मुले दीर्घकाळ अधिक आज्ञाधारक होतात, असे काही त्यात दिसले नाही. असा आढावा संबंध दाखवतो, एका घरातल्या एका धपाट्याचे भविष्य सांगत नाही, हे खरे आहे. पण ज्या उपायाचा अपेक्षित गुण इतक्या अभ्यासांत सापडत नाही, तो आपण का चालू ठेवतो? आपल्या देशात शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई केली आणि तो कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. शाळेत शिक्षकाने हात उगारला तर आपण तक्रार करायला जातो, तोच हात घरात आपला असला की त्याला संस्कार म्हणतो.

बक्षिसांचे प्रकरण थोडे नाजूक आहे. १९७३ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेल्या मुलांपैकी काहींना आधीच सांगितले होते की चित्र काढले तर प्रशस्तिपत्र मिळेल. प्रशस्तिपत्र मिळाल्यानंतरच्या दिवसांत ही मुले मोकळ्या वेळात इतरांपेक्षा कमी चित्रे काढू लागली, आणि ज्यांना ते अचानक, काही न ठरवता मिळाले होते त्यांचे तसे झाले नाही. ‘गृहपाठ केलास तर अर्धा तास मोबाइल’ या सौद्यात गृहपाठ हे कष्ट आणि मोबाइल हे सुख, हीच शिकवण पक्की होते. काम झाल्यावर ते नेमके काय चांगले झाले, हे पाहून सांगितले तर पुरते: ‘आज पाण्याच्या सगळ्या बाटल्या भरलेल्या होत्या, म्हणून मला आल्या आल्या चहा टाकता आला.’

जबाबदारी शिकवायला खरे काम लागते. खरे याचा अर्थ असा, की ते झाले नाही तर घरात कोणाचे तरी अडते. खेळणी आवरणे तीन-चार वर्षांचे मूल करू शकते, सहाव्या-सातव्या वर्षी रिकामा डबा घासायला टाकणे आणि पाण्याच्या बाटल्या भरणे जमते, नऊ-दहाव्या वर्षी ओला आणि सुका कचरा वेगळा करून सकाळी गाडी येण्याआधी डबे बाहेर ठेवणे जमते. एकदा काम सोपवले की ते त्याचेच राहू द्यावे लागते, आणि आपल्याला हेच जड जाते. मूल सावकाश करते, अर्धे सांडते, म्हणून आपण ‘सोड, मीच करते’ म्हणतो, आणि त्या एका वाक्याने मुलाला दोन गोष्टी कळतात: माझ्यावाचून काही अडत नाही आणि मी रेंगाळलो तर काम टळते. आमच्या घरात कचऱ्याचा डबा दोनदा विसरला गेला. दोन्ही वेळा ओला कचरा दुसऱ्या दिवसापर्यंत झाकून घरात राहिला, आणि त्या वासाने जे शिकवले ते माझ्या बोलण्याने शिकवता आले नसते.

हे विचार परदेशी आहेत, आपल्या घरात चालणार नाहीत, असे कोणी म्हणाले की मला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ आठवतात. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासोबत बालशिक्षणाचे काम केलेल्या ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण मुलांसाठी काम सुरू केले, अनुताई तिथे त्यांना येऊन मिळाल्या आणि १९५७ मध्ये ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. ही गावे आज पालघर जिल्ह्यात असली, तरी १ ऑगस्ट २०१४ पर्यंत ती आपल्या ठाणे जिल्ह्यातच होती. मुले शाळेत येत नाहीत म्हणून त्यांना दोष न देता या दोघींनी बालवाडी पाड्यांच्या अंगणात नेली, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरवली. मूल का येत नाही, याचे कारण आधी शोधायचे आणि मग व्यवस्था बदलायची, ही दृष्टी शिस्तीलाही तशीच लागू पडते. दप्तर रोज दारात फेकलेले दिसत असेल, तर ओरडण्याआधी दप्तर टांगायची खुंटी मुलाच्या हाताच्या उंचीला आहे का, हे एकदा पाहावे.

घरातली मोठी माणसे वेगवेगळे नियम लावतात, ही तक्रार खूप पालक करतात. आई नाही म्हणाली की मूल आजीकडे जाते. माझ्या अनुभवात सगळ्याच नियमांवर एकमत होत नाही आणि तसा आग्रह धरला तर सासूबाई आणि सून यांच्यात विनाकारण ताण येतो. मारायचे नाही, खोटे बोलायचे नाही, झोपेची वेळ चुकवायची नाही, एवढ्या तीन-चार गोष्टींवर सगळ्यांनी ठाम राहावे आणि आजीने दुपारी हातावर ठेवलेल्या जास्तीच्या लाडवाकडे खुशाल दुर्लक्ष करावे. दिवसभराची दगदग घेऊन रात्री आठ वाजता घरात शिरलेल्या आईने किंवा बाबांनी पहिल्या पंधरा मिनिटांत चौकशीही करू नये. भुकेलेले मूल आणि दमलेले पालक यांच्यात झालेला न्याय सहसा चुकतो, जसा माझा कुंडीच्या दिवशी चुकला.

मुलगा तेरा वर्षांचा झाला तेव्हा त्याला ठाण्याला मामाकडे एकट्याने लोकलने जायचे होते. आम्ही लगेच हो म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. दोन वेळा तो माझ्यासोबत गेला, पण तिकीट त्याने काढले, फलाट त्याने शोधला आणि मी फक्त मागे चालले. तिसऱ्या वेळी मी त्याच गाडीत, पण दुसऱ्या डब्यात बसले. चौथ्या वेळी, दुपारी गर्दी नसताना, तो एकटा गेला. परत येताना ठाण्याहून तो पनवेलऐवजी वाशीच्या गाडीत बसला आणि तुर्भ्यानंतर जुईनगरऐवजी सानपाडा आले तेव्हा ते त्याच्या लक्षात आले. त्याने फोन केला. म्हणाला, ‘आई, मी चुकीच्या गाडीत बसलो, फलकावर वाशी लिहिले होते ते मी वाचलेच नाही. आता सानपाड्याला उतरून पनवेलची गाडी पकडतो.’ मी विचारले, घ्यायला येऊ का? तो नको म्हणाला. पाऊण तासाने दाराची बेल वाजली, त्याने बूट जागेवर ठेवले आणि मामीने दिलेला डबा स्वयंपाकघरात नेऊन ओट्यावर रिकामा केला.